एमएक्स-५ तापते आहे: मोठा रेडिएटर, डक्टिंग की कूलंट रीरूट?

टर्बो बसवलेली जुनी माझदा एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेतली मियाटा, ज्यांच्याकडे आहे त्यांचा उन्हाळ्यातला प्रश्न ठरलेला असतो. रोजच्या वापरात काही तक्रार नाही, पण ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) शंभर अंशांच्या पुढे जातं आणि पुढच्या दोन फेऱ्या हळू चालवून गाडी थंड करावी लागते. मग सल्ले सुरू होतात. एकजण मोठा रेडिएटर घे म्हणतो, दुसरा रीरूट (कूलंटची इंजिनातली वाट बदलणं) केल्याशिवाय गाडी ट्रॅकवर नेऊच नकोस म्हणतो, तिसरा बॉनेटला जाळ्या कापायला सांगतो. तिघंही आपापल्या परीने बरोबर असतात, पण तिघं तीन वेगवेगळ्या दुखण्यांवर औषध सांगत असतात. म्हणून खरेदीच्या आधी आपलं दुखणं कोणतं ते ओळखायला हवं.

हा आढावा एनए (१९८९ ते १९९७) आणि एनबी (१९९८ ते २००५) या दोन पिढ्यांपुरता आहे. मी टेक्ससमध्ये राहतो, त्यामुळे ३८ अंशांचा उन्हाळा गृहीत धरून लिहितो आहे. ह्यूस्टन, फिनिक्स किंवा दुबईतल्या आपल्या मंडळींना हेच लागू पडेल. ब्रिटनमध्ये असाल तर निम्म्या खर्चात भागेल, आणि त्याचं कारण पुढे येतंच.

आधी एक आकडा काढा

गाडीचा मूळ काटा यासाठी कामाचा नाही. विशेषतः एनबीत तापमानाच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात काटा मध्यावरच बसून राहतो, आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ईसीयूमधून (इंजिनाच्या संगणकातून) किंवा वेगळ्या सेन्सरवरून खरे अंश वाचा. सलग पाच-सहा फेऱ्या जोरात मारल्यावर तापमान जिथे स्थिरावतं त्यातून त्या वेळचं बाहेरचं तापमान वजा करा. हाच तुमचा आकडा.

तो महत्त्वाचा का, ते पाहा. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडला की रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. तेवढ्याच जोराने चालवलंत तर तो फरक जवळपास तेवढाच राहतो. समजा, फेब्रुवारीत १६ अंश हवेत कूलंट ९६ वर स्थिरावलं, म्हणजे फरक ८०. तीच गाडी जुलैत ३८ अंशांत ११८ वर जाणार. मूळ रेडिएटर कॅप साधारण ०.९ बारची असते आणि तेवढ्या दाबाखाली साधं पाणी ११९ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे थंडीत निर्धास्त वाटणारी गाडी उन्हाळ्यात उकळीच्या उंबरठ्यावर असते. इंग्लंडमधल्या कुणी 'मला काहीच करावं लागलं नाही' असं सांगितलं, तर ते त्याच्या हवेपुरतं खरं असतं.

माझा अंदाज असा: फरक ६० च्या खाली असेल तर उन्हाळ्यातही चिंता नको. ७० च्या वर गेला तर काम काढावं लागेल.

आणि गाडी नेमकी कुठे तापते? फक्त सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर पंखा, त्याचा रिले, त्याचा स्विच बघा. या लेखातलं दुसरं काही विकत घेऊ नका. वेगात, लोड पडल्यावर तापत असेल तर पुढे वाचा. तापमान एकदम उडी मारून परत खाली येत असेल, किंवा होज थंड असतानाच दगडासारखे कडक लागत असतील, तर सिस्टिममध्ये हवा अडकली आहे नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं आहे. ते आधी निस्तरा.

रेडिएटर आणि डक्टिंग

या दोघांची तुलना एकत्रच करायला हवी, कारण लोक पहिल्यावर तीन-चारशे डॉलर घालतात आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

रेडिएटर बदलायचं एक कारण वादातीत आहे, ते म्हणजे वय. मूळ रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. नव्या असताना काळ्या असतात, वर्षानुवर्षं शिजून त्यांना हिरवट-तपकिरी रंग चढतो. तुमची टाकी तशी दिसत असेल तर ती तडकण्याच्या वाटेवर आहे. ट्रॅकवर नेऊ नका, तापत असो वा नसो. बदलायचाच आहे तर पूर्ण ऍल्युमिनियमचा, साधारण ३७ मिमी जाडीचा घ्या.

५० मिमीहून जाड रेडिएटर घ्यावा का? बहुतेकांनी घेऊ नये असं माझं मत आहे. जाड कोअरमधून हवा ढकलायला जास्त दाब लागतो, आणि मागच्या थरापर्यंत पोचणारी हवा पुढच्या थरात तापूनच आलेली असते. शिवाय एमएक्स-५ मध्ये रेडिएटर आणि इंजिन यांच्यात जागा कमी, त्यामुळे पातळ पंखे शोधावे लागतात आणि ते बहुधा कमी ताकदीचे निघतात. म्हणजे ट्रॅकवर थोडं मिळवायचं आणि ट्रॅफिकमध्ये गमवायचं. अडीचशे अश्वशक्तीच्या वर गेलेल्या, सतत ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीला तो लागतो, हे मान्य.

आता डक्टिंग, म्हणजे आत आलेली हवा रेडिएटरकडेच नेणाऱ्या भिंती. गाडीच्या तोंडातून आत आलेली हवा आळशी असते, रेडिएटरच्या बारीक फिन्समधून जाण्याऐवजी मिळेल त्या फटीतून निसटते. रात्री गॅरेजचे दिवे मालवा, रेडिएटरच्या मागे इंजिनाच्या बाजूला एक टॉर्च पेटवून ठेवा आणि गाडीसमोर उकिडवे बसून तोंडातून आत बघा. रेडिएटरच्या दोन्ही कडांना, वर आणि खाली जिथे जिथे उजेडाची रेघ दिसेल, तिथून तुमची हवा फुकट जाते आहे. बहुतेक गाड्यांत बाजूंनी बोट शिरेल एवढ्या फटी सापडतात. टर्बोसाठी पुढे इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) बसवला असेल तर जास्तच, कारण पाइप नेण्यासाठी कुणीतरी मूळ पत्रे कापलेले असतात. आता हवेपुढे इंटरकूलरचा अडथळा आहे, एसी असेल तर त्याच्या कंडेन्सरचाही, आणि बाजूने पळून जायला मोकळी वाट आहे. ती कुठून जाईल हे सांगायला नको.

उपाय अगदी स्वस्त. मिलिमीटरभर जाडीचा ऍल्युमिनियमचा पत्रा, दाट फोम आणि रिव्हेट. पत्रा वाकवण्याचा कंटाळा असेल तर निवडणुकीच्या काळात इथे घरोघरी अंगणात रोवतात त्या नळीदार प्लॅस्टिकच्या पाट्यासुद्धा चालतात, हौशी रेसर सर्रास वापरतात. तोंडाच्या कडेपासून रेडिएटरच्या कडेपर्यंत चारी बाजूंनी भिंत उभी करा. तोंड मोठं करायची गरज नसते, आत आलेली हवा वाया जाऊ द्यायची नाही एवढंच.

नाकाखालचा प्लॅस्टिकचा अंडरट्रे जागेवर आहे का तेही बघा. ऑइल बदलताना अडचण होते म्हणून काढलेला, बोल्ट गंजले म्हणून परत न बसवलेला, अशा गाड्या कितीतरी. तो नसला की आत आलेली हवा रेडिएटरखालून निसटते, आणि रस्त्यावरची हवा खालून इंजिन-बेमध्ये घुसून तिथला दाब वाढवते. रेडिएटरच्या पुढे दाब जास्त आणि मागे कमी असेल तरच हवा वाहते, त्यामुळे हे दुहेरी नुकसान आहे.

तेव्हा दोघांत आधी डक्टिंग आणि अंडरट्रे, मग आकडा पुन्हा काढा, तरीही ७० च्या वर राहिला तर रेडिएटर. फुटकी टाकी हा एकच अपवाद. फटी तशाच ठेवून बसवलेला महागडा रेडिएटर निम्मंच काम करतो.

कूलंट रीरूट

रीरूटबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, कारण तो आधीच्या दोघांच्या पंगतीतला नाहीच. रेडिएटर आणि डक्टिंग पाण्याचं तापमान कमी करतात. रीरूट ते पाणी इंजिनात सगळीकडे सारखं पोचवतो.

एमएक्स-५ चं १.६ आणि १.८ लिटरचं इंजिन माझदाच्या बी मालिकेतलं, मुळात पुढची चाकं ओढणाऱ्या ३२३ सारख्या गाड्यांत आडवं बसणारं. तिथे पाणी एका टोकाला वॉटर पंपातून ब्लॉकमध्ये शिरायचं, सगळे सिलिंडर ओलांडून दुसऱ्या टोकाला हेडमधून थर्मोस्टॅटकडे बाहेर पडायचं. एमएक्स-५ मध्ये इंजिन गाडीच्या लांबीत बसवलं तेव्हा ते मागचं टोक फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) जाऊन भिडलं, आणि माझदाने पाण्याचा दरवाजा पुढे हलवला. आता पाणी पुढूनच शिरतं आणि पुढूनच बाहेर पडतं. मागून जातो तो फक्त हीटरकडचा छोटा प्रवाह. परिणामी चौथा सिलिंडर पहिल्यापेक्षा गरम राहतो. मूळच्या ११६ अश्वशक्तीला हे चालून जातं. टर्बो लावून दोनशेच्या वर गेलात की नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अनियंत्रित स्फोट) सुरू होण्याचा पहिला मान बहुधा याच सिलिंडरचा, आणि सगळ्या इंजिनाच्या ठिणगीचं टायमिंग त्या एकासाठी मागे ओढावं लागतं.

रीरूटमध्ये थर्मोस्टॅट परत हेडच्या मागे नेतात, पुढचं तोंड बंद करतात आणि मागून एक लांब होज रेडिएटरपर्यंत आणतात. किट अनेक मिळतात, रेडिएटरच्याच किमतीच्या आसपास. खरी किंमत श्रमात आहे. एनएमध्ये हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर आणि कॉइल दोन्ही असतात, फायरवॉलपर्यंत हात जेमतेम शिरतो आणि बोल्ट दिसत नाहीत, चाचपूनच सोडवायचे. इंजिन कशासाठीही बाहेर निघणार असेल तर तेव्हाच हे काम उरकून घ्या. एरवी पूर्ण शनिवार-रविवार धरा.

दोन गोष्टी विसरू नका. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरतं ते हीटरच्या वाटेने, त्यामुळे वजन वाचवायला हीटर काढून टाकलात तरी ती वाट जोडलेली ठेवा. आणि पाणी भरताना गाडीचं नाक उंच करा, नाहीतर मागे हवा अडकते.

रीरूट कुणाला नको? विनाटर्बो गाडी रस्त्यावर चालवणाऱ्यांना नको. २००१ पासूनच्या व्हीव्हीटी (वाल्वचं टायमिंग बदलू शकणाऱ्या) इंजिनात माझदाने हेड गॅस्केटमधली पाण्याची भोकं बदलून हा असमतोल बराच कमी केला, तेव्हा त्या गाड्यांचे मालकही वाट पाहू शकतात. पण २००१ च्या आधीचं इंजिन, टर्बो आणि ट्रॅक असे तिन्ही योग जुळले असतील तर रीरूट टाळू नका. रेडिएटर कितीही मोठा असला तरी चौथ्या सिलिंडरचं दुखणं तो बरं करत नाही.

बाकीचे पर्याय

ऑइल कूलर: वीस मिनिटांच्या सत्रात ऑइल १३० अंशांपुढे जात असेल तर घ्याच, आणि थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट (ऑइल फिल्टरखाली बसणारी) वापरा म्हणजे थंडीत ऑइल जास्त गार होणार नाही. ऑइलमधली उष्णता परस्पर बाहेर गेल्याने कूलंटवरचा भारही थोडा उतरतो. फक्त तो रेडिएटरच्या बरोबर पुढे टांगू नका, त्याला तोंडाच्या कडेला स्वतंत्र हवा द्या.

बॉनेटच्या जाळ्या: रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात कापल्या तर उत्तम काम करतात, कारण तिथे बाहेरचा दाब कमी असतो. बॉनेटची मागची कड वॉशर लावून उचलणं मात्र उलटं पडतं. काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, म्हणूनच केबिनमध्ये ताजी हवा तिथून घेतात. वेगात तिथून गरम हवा बाहेर पडत नाही, उलट बाहेरची आत ढकलली जाते.

कमी अंशांचा थर्मोस्टॅट: तो फक्त लवकर उघडतो. पूर्ण उघडून झाल्यावर कूलंट ११० ला पोचत असेल तर त्याचा उपयोग नाही. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला तर ऐकूच नका.

कूलंट: साधं पाणी ग्लायकॉलच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, आणि सांडल्यावर निसरडं होतं म्हणून ग्लायकॉलला अनेक ट्रॅकवर मनाईही असते. जिथे गोठत नाही तिथे उन्हाळ्यात डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक एवढं पुरे. रेडिएटर कॅप जुनी असेल तर नवी लावा. तिचं रबर थकलं की दाब धरत नाही आणि ११९ चा उकळबिंदू तसाच खाली घसरतो.

टर्बो एनए किंवा २००१ च्या आधीची टर्बो एनबी असेल आणि वर्षातून चार-पाच ट्रॅक डे होत असतील, तर पैसे या क्रमाने घालावेत: खरे अंश दाखवणारा गेज, अंडरट्रे आणि डक्टिंग, रीरूट, ३७ मिमीचा रेडिएटर, ऑइल कूलर, जाळ्या. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच ट्रॅकवर आकडा पुन्हा काढा. मात्र रीरूटनंतर सेन्सरची जागा किंवा त्याच्याभोवतीचा प्रवाह बदललेला असू शकतो, तेव्हा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करू नका. नवा आकडा हाच नवा आरंभ धरा.