संग्रहालयाची सहल: गाइड, ऑडिओ गाइड की विचारणारं माणूस?

वाशीच्या मैत्रिणीचा फोन आला. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे तीसेक जण आणि चार-पाच नातवंडं मुंबईला संग्रहालय बघायला निघालीयत. तिचा प्रश्न सरळ होता: गाइड ठरवू, की प्रत्येकाला ऑडिओ गाइड घेऊन देऊ? मी ठाण्याहून अशा सहली काढते म्हणून तिने मला विचारलं. तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण हाच प्रश्न आणखीही कुणाकुणाला पडलेला असतो.

आधी ऑडिओ गाइड. एकटं किंवा जोडीने जायचं असेल तर यासारखी सोय नाही. हवं तिथे थांबा, पुन्हा ऐका, नको ते सोडून द्या. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या, जवळपास पन्नास हजार वस्तूंचा संग्रह असलेल्या जागी तर फार बरं पडतं. पण गटासाठी? माझ्या अनुभवात गट मुका होतो. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना हेडफोन जमत नाही, मुलं पुढचे नंबर दाबत सुटतात आणि बसमध्ये परतताना बोलायला कुणाकडे काही नसतं. घ्यायचाच असेल तर कोणत्या भाषेत मिळतो ते आधी फोन करून विचारा. भिंतीवरच्या क्यूआर कोडचंही तेच. शिवाय ज्यांना स्मार्टफोन सराईतपणे वापरता येत नाही ते आपोआप बाहेर पडतात.

गाइडचा फायदा वेगळा. कुठली वस्तू कुणाची, कुठून आली, इमारत कशी उभी राहिली, हा क्रम चांगला गाइडच लावून देतो. फोर्टातल्या वास्तूची पायाभरणी १९०५ साली झाली आणि संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं १९२२ मध्ये. मधल्या काळात ती इमारत लष्करी रुग्णालय म्हणूनही वापरली गेली, हे ऐकल्यावर घुमटाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. अडचण एवढीच की तीस जणांमध्ये पुढच्या आठ जणांनाच ऐकू येतं. मागचे हळूहळू बाकाच्या शोधात जातात. आणि ज्यांना मनातून वाटत असतं की ‘चित्रातलं आपल्याला काय कळतंय’, ते माहितीचा मारा झाल्यावर आणखीच गप्प होतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांचे डोळे पुष्कळदा सगळ्यांत तयार असतात.

म्हणून मी तिसरा मार्ग धरला: विचारणारं माणूस. ही पद्धत अमेरिकेत संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन यांनी घडवली. प्रश्न तीनच. इथे काय चाललंय? कशावरून म्हणता? आणखी काय दिसतंय? विचारणाऱ्याने बरोबर-चूक ठरवायचं नाही, जो जे बोलेल ते नीट ऐकून दुसऱ्याच्या बोलण्याशी जोडायचं. एरवी आपण थांबतोच किती? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला २००१ चा अभ्यास सांगतो की एका कलाकृतीपुढे लोक सरासरी २७ सेकंद थांबतात. या तीन प्रश्नांवर आमचे लोक दहा-दहा मिनिटं हलत नाहीत.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत, जुन्या मुंबईतले लोक आणि त्यांचे व्यवसाय दाखवणाऱ्या. आमच्यासोबत आलेल्या, घरकाम करणाऱ्या एक मावशी त्यातल्या एका बाईकडे बराच वेळ बघत होत्या. ‘इथे काय चाललंय?’ विचारल्यावर म्हणाल्या, “पदर खोचलाय म्हणजे कामात आहे ती. आणि वाकलीय कशी बघा, कंबर धरली असणार.” निवृत्त मास्तरही मग वाकून बघायला लागले.

पण नुसते प्रश्न पुरत नाहीत, हेही तिला सांगितलं. याच भायखळ्याच्या संग्रहालयाबाहेरच्या आवारात दगडी हत्ती आहे. त्याच्यापुढे तर्क खूप झाले: कुठल्या राजाचा, कुठल्या देवळाचा. एका मुलीने विचारलं, “हा तुटलेला का वाटतो?” तिथे खरी गोष्ट माहीत असायलाच हवी. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं तोच हा हत्ती. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो पडून फुटला आणि पुढे १९१४ च्या सुमारास तुकडे जोडून उभा केला गेला. लोकांनी विचारल्यावर सांगितलेली माहिती त्यांच्याकडे राहते, हे मी दर वेळी बघतेय.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मात्र वरचं काहीच पुरेसं नाही. त्यांना हात लावायला मिळायला हवा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ दालनात स्पर्श करता येणाऱ्या प्रतिकृती आणि ब्रेल फलक आहेत. तुम्ही जाणार तिथे असं काही आहे का, हे ठरवण्याआधी विचारा. नसेल तर एक माणूस फक्त त्यांच्याजवळ ठेवा. त्याने आकार, माप, हातांची ठेवण, रंग हे क्रमाने सांगायचं. आमच्या एका काकांनी मला हे शिकवलं: “सुंदर आहे म्हणू नकोस, काय आहे ते सांग.”

मैत्रिणीसाठी हिशेब असा झाला. तीस जणांचे तीन गट, प्रत्येकी एक विचारणारा. सुरुवातीची वीस मिनिटं गाइड, इमारतीपुरता. दोन तासांत पाच-सहा वस्तू, त्याहून जास्त नाही. बाक, लिफ्ट, व्हीलचेअर आणि स्वच्छतागृह कुठे ते आदल्या आठवड्यात जाऊन बघायचं. वाशीहून हार्बरने थेट सीएसएमटी गाठता येतं म्हणून तिला फोर्ट सोयीचं, भायखळ्याला जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. आम्हा ठाणेकरांना भायखळा सोपं. ते बुधवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.