आठ जाळ्यांचा प्लेपेन, वापरून पाच महिने झाल्यावर

आम्ही म्हापशाला राहतो, दोघंही नोकरीला, मी पणजीला पाट्टोवर आणि नवरा वेर्ण्याला. मेच्या शेवटी नऊ आठवड्यांचं गावठी पिल्लू घरी आणलं. नाव उंडो, कारण पाय पोटात घेऊन झोपला की पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतला उंडो, तो गोल पाव, तसाच दिसतो. आणायच्या आधी झाडून सगळ्यांनी विचारलं होतं की दिवसभर त्याचं काय करणार, आणि आम्ही मोठ्या हुशारीने सांगितलं होतं की प्लेपेन घेणार ना, म्हणजे पिल्लाला ठेवायचं जाळ्यांचं कुंपण. तर हा त्या प्लेपेनचा रिव्ह्यू. ऑनलाईन जे फाईव्ह स्टार दिसतात ते बहुतेक बॉक्स उघडल्या उघडल्या दिलेले असतात, फोटोत पिल्लू शहाण्यासारखं मध्ये बसलेलं. पाच महिन्यांनी कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

आधी पहिले दोन दिवस काय केलं ते सांगते कारण ती चूक सगळेच करतात. बाथरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये पेपर पसरले, पाणी ठेवलं, दार लावलं आणि निघाले. मी घरातून साडेआठला निघते आणि परत यायला सव्वासहा होतात, 13 किलोमीटरच आहे पण पर्वरीला फ्लायओव्हरचं काम चालू झाल्यापासून किलोमीटर मोजण्यात काही अर्थ उरलेला नाही. संध्याकाळी दार उघडलं तर पेपरचा चिवडा, चौकटीचा खालचा कोपरा कुरतडलेला, पाण्याचं भांडं उलटं आणि त्या सगळ्या चिखलात उंडो शेपूट हलवत उभा. शेजारचे काका गेटवर थांबलेलेच होते. "तुजें सुणें आयज सकाळसावन रडटा गो," (तुझं कुत्रं आज सकाळपासून रडतंय) एवढंच म्हणाले. रागाने नाही म्हणाले, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

डॉक्टरांनी हिशोब सांगितला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. पिल्लाचं वय जितके महिने त्यात एक मिळवायचा, तेवढे तास ते जास्तीत जास्त शू धरू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, आणि जागं असून खेळत असेल तर तेवढेही नाहीत. आम्ही त्याला पावणेदहा तास ठेवत होतो. मी म्हटलं मग पिंजरा घेऊ का, क्रेट ट्रेनिंग म्हणतात ते. तर म्हणाले रात्री झोपायला किंवा तासाभरासाठी ठीक आहे, पण अख्ख्या ऑफिसच्या वेळेला एवढ्याशा जिवाला त्यात कोंडू नका, कुत्रा स्वतःच्या झोपायच्या जागी घाण करत नाही, तुम्ही त्याला तेच करायला लावाल आणि मग पुढे घरात शू न करायचं शिकवताना बसाल रडत. म्हणून प्लेपेन.

मी घेतला तो लोखंडी, काळा पावडर कोटिंगवाला, 24 इंच रुंदीच्या 8 जाळ्या, उंची पण 24 इंच, अडीच हजारांच्या आसपास पडला. गोल उभा केला की आरपार पावणेपाच फूट मिळतात. सगळे गोलच लावतात कारण बॉक्सवर तसाच फोटो असतो. पण भिंतीला टेकवून यू आकारात लावला, समोर चार जाळ्या आणि दोन्ही बाजूंना दोन दोन, तर 8 बाय 4 फूट जागा होते, जवळजवळ दीडपटीहून जास्त, आणि महत्त्वाचं म्हणजे ती लांबट असते. एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला पॅड. पिल्लाला झोपायची जागा आणि मुतायची जागा यांच्यात अंतर हवं असतं, गोलात ते मिळत नाही. हे लावल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो स्वतःहून पॅडच्या टोकाला जायला लागला, आम्ही काही शिकवलं नव्हतं. प्लेपेनला जे काही मार्क देतेय ते यासाठी.

आता तक्रारी. गुळगुळीत लादीवर हा सरकतो. पिल्लू पुढचे पाय टेकवून उभं राहिलं की जाळी ढकलली जाते, भिंतीपाशी फट पडते आणि त्या फटीतून आधी डोकं, मग सगळा उंडो बाहेर. पहिल्यांदा मी सुंभाने खिडकीच्या गजाला बांधला, घरात पडलाच होता. संध्याकाळी बघते तर अर्धा सुंभ गायब. दोन दिवस त्याच्या शीमध्ये काथ्या शोधत होते, हो, काडीने. डॉक्टर ओरडले, दोरा-सुतळी आतड्यात अडकली तर ऑपरेशनच करावं लागतं. मग काकांनी त्यांच्या दुकानातून जाडे केबल टाय आणून दिले, त्यांचं म्हापसा बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि गाठीचा भाग बाहेरच्या बाजूला ठेवून उरलेलं टोक कापून दिलं. तेव्हापासून हललेला नाही.

दाराला दोन कड्या आहेत, सरकवायच्या. साडेतीन महिन्यांचा असताना त्याने खालची कडी नाकाने वर करून ओढायला शिकून घेतलं. कॅमेऱ्यात बघितलं मी ते, आधी नाक, मग दात, मग जीभ बाहेर काढून थोडी विश्रांती, परत नाक. ऑफिसात हसू आवरेना, शेजारची मॅडम विचारते काय झालं. कडीत किल्लीची जाडी रिंग अडकवा, काम होतं.

आणि एक गोष्ट हसण्यासारखी नाही. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढा, हे बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमच्याच्या पट्ट्याला हौसेने घुंगरू लावलेलं, ते दोन सळ्यांमध्ये अडकलं आणि तो मान मागे ओढत बसला. नशीब की मी स्वयंपाकघरात होते, रविवार होता. सोमवारी झालं असतं तर मी हा रिव्ह्यू लिहीत नसते.

गंजाचं पण लिहायला हवं कारण हे पुण्यात बसून रिव्ह्यू देणाऱ्यांना कळणार नाही. जूनमध्ये नवाकोरा होता, ऑगस्टपर्यंत खालच्या सळ्यांचं कोटिंग फुगून निघायला लागलं. आपल्याकडची हवा आधीच खारट, त्यात पावसाळ्याची ओल आणि त्यावर शू. तो कोटिंगचे पापुद्रे चाटायला लागला तेव्हा खाली रबरी नळी चिरून बसवली. रोज ओल्या फडक्याने पुसून मग कोरडं करायचं, एवढं केलं तर चालतो. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की प्रॉडक्ट इनडोअर वापरासाठी आहे. घरातच आहे हो, घर गोव्यात आहे.

उंचीचं माझं चुकलं. 24 इंच चार महिन्यांपर्यंतच पुरला. गावठी पिल्लं चपळ असतात, एक दिवस तो पाण्याच्या भांड्यावर पाय देऊन, जाळीच्या आडव्या सळीवर मागचा पाय रोवून सरळ पलीकडे. 36 इंची घ्या, पाचशे-सातशे जास्त जातील. वरून झाकण लावायचं वगैरे करू नका, मान अडकते.

कॅमेऱ्याबद्दल थोडंच लिहिते. साधा वायफायवाला आहे, घ्याच. त्याच्यामुळे कळलं की मी निघाल्यावर तो वीस मिनिटं रडतो आणि मग झोपतो ते साडेअकरापर्यंत, या वयाची पिल्लं दिवसात 18 तासांच्या वर झोपतात त्यामुळे आपण समजतो तेवढं नऊ तास रडणं नसतं. पण त्यातून बोलायची सोय आहे ना, ती वापरू नका. मी पहिल्या दिवशी लाडात येऊन "उंडू, शाणा कोण" म्हटलं, तर झोपेतून धडपडत उठला, कॅमेऱ्याकडे, दाराकडे, परत कॅमेऱ्याकडे, आणि मग जो गळा काढला तो पाऊण तास. माझा आवाज घरात आहे आणि मी नाही, त्याला काय कळणार. आणि लाईट गेली की वायफाय गेलं, वायफाय गेलं की स्क्रीन काळी, आणि जून-जुलैत लाईट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. स्क्रीन काळी दिसली की छातीत धस्स.

ते पोकळ रबरी खेळणं मिळतं, त्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये गोठवून द्यायचं, पिल्लू तासभर चाटत बसतं, सगळे व्हिडिओ हेच सांगतात. आमच्याकडे तासाभराने भात वितळला आणि लाल मुंग्यांची रांग लागली. उंडोचा ओठ सुजून भजीसारखा झालेला. आता ते खेळणं फक्त आम्ही घरी असताना. एकटा असताना गार केलेलं गाजर, दात येत असतात तेव्हा हिरड्यांनाही बरं वाटतं. अख्खं जाड गाजर द्या, तुकडे नाही, घशात अडकतात.

मध्ये एक डे-केअर पण करून बघितलं, नाव लिहीत नाही. दिवसाचे 600, गार्डन, फोटो पाठवतात, सगळं छान. पण आत घेताना लसीचं कार्ड कोणी मागितलंच नाही, हे मला घरी आल्यावर सुचलं. उंडोचे तेव्हा दोनच डोस झालेले. पिल्लांचा कोर्स 6-8 आठवड्यांना सुरू होतो, दर 3-4 आठवड्यांनी डोस, शेवटचा साधारण 16 आठवड्यांना, तोपर्यंत पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची, भीती असतेच, आणि जिथे माझं कार्ड विचारलं नाही तिथे बाकीच्या दहा कुत्र्यांचं तरी कशाला विचारलं असेल. संध्याकाळी कानामागून चार गोचिड्या काढल्या. परत नाही पाठवला. डे-केअर वाईट असं म्हणत नाही मी, पण कोर्स पूर्ण झाल्यावर पाठवा, आणि कार्ड न मागणाऱ्यांकडे तर कधीच नको.

आता खरं सांगायचं तर प्लेपेनने आमचा प्रश्न अर्धाच सुटला. जागा मिळाली, वेळ कुठे मिळाला? साडेआठ ते सव्वासहा मध्ये कोणीतरी यायलाच हवं होतं. आणि इथे आपलं गोवा कामी आलं. बाकीच्या शहरात दुपारी कोण घरी येतो? काका येतात. दुकान एकला बंद, घरी जेवण, झोप, परत चारला उघडायचं, तीस वर्षं हाच नेम. मी भीतभीतच विचारलं, काका, जेवायच्या आधी पाच मिनिटं त्याला बाहेर काढाल का. म्हणाले चावी ठेव. त्या दिवसापासून एक वाजून दहा मिनिटांनी कॅमेऱ्यात लुंगी दिसते. उंडो साडेबारापासूनच दाराकडे तोंड करून बसलेला. काका त्याला अंगणात नेतात, आंब्याखाली शू, पॅड बदलतात, दुपारचं खाणं घालतात, आणि पाच मिनिटांचा अर्धा तास कधी होतो ते दोघांनाही कळत नाही. काकी एकदा माझ्याकडे तक्रार करून गेली की हे माझ्याशी एवढं बोलत नाहीत. पैसे विचारले तर रागावले, म्हणून नवरा आता रविवारी बाजारात गेला की त्यांच्यासाठी पण बांगडे घेऊन येतो.

फक्त शुक्रवार. म्हापशाचा बाजार शुक्रवारी, सगळ्या बार्देश तालुक्याची माणसं उतरलेली असतात, त्या दिवशी काका दुपारी दुकान बंद करत नाहीत. पहिल्या शुक्रवारी मला हे लक्षातच आलं नाही, दीड वाजला, पावणेदोन वाजले, लुंगी दिसेना. उंडोने शेवटी पाण्याच्या भांड्यात शी केली. आता शुक्रवारी नवरा सेकंड शिफ्ट मागून घेतो, तो दुपारी निघतो आणि मी साहेबांना सांगून साडेचारला सुटते. जमतं कसंबसं.

तर प्लेपेनला पाचपैकी साडेतीन. एक कापला गंजासाठी, अर्धा त्या पट्ट्याच्या गोष्टीसाठी, ती बॉक्सवर मोठ्या अक्षरात हवी होती. उंडो आता सात महिन्यांचा आहे, हॉलमध्ये मोकळा असतो, एक सोफ्याची उशी सोडली तर नुकसान नाही. प्लेपेन विकायला काढला होता पण काकांनी मागितला, त्यांची मिरचीची रोपं कोंबड्या शिल्लक ठेवत नाहीत. काल जाऊन बघितलं, अंगणात यू आकारात लावलाय, गजाला तसेच केबल टाय, कडीत तीच किल्लीची रिंग, आणि बाहेरून उंडो नाकाने कडी उघडायच्या प्रयत्नात.