पहाटेचा ड्राफ्ट आणि अडकलेले चित्र

२५ एप्रिल २०२५ रोजी पहाटे साडेपाचला, दादरच्या घरी चहाचा कप हातात घेऊन, मी अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, एका सशुल्क प्रक्षेपण सेवेवर पाहिला. जॅक्सनव्हिल संघाने आपली पाचव्या क्रमांकाची निवड (खेळाडू निवडण्याची पाळी), सोबत ३६वी, १२६वी आणि २०२६ची पहिल्या फेरीतील निवड क्लीव्हलँड संघाला देऊन दुसरी, १०४थी व २००वी निवड घेतली आणि आक्रमण व बचाव दोन्हीकडे खेळणाऱ्या ट्रॅव्हिस हंटरला संघात आणले. असे धाडस मला मनापासून आवडते. मात्र नेमके त्याच वेळी चित्र अडकले आणि सुरू झाले तेव्हा नाव जाहीर होऊन गेले होते. समालोचन उत्तम, देवाणघेवाणीचा हिशेबही व्यवस्थित समजावलेला. तरीही वर्षभराचे पैसे भरणाऱ्या प्रेक्षकाला तो क्षण थेटच दिसायला हवा होता.