बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, सिक्लेसोनाइड: दम्याची तीन औषधं वापरून झाल्यावर

मी चेंबूरला राहते, शाळेत शिकवते आणि दमा लहानपणापासूनचा आहे. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून आजपर्यंत डॉक्टरांनी माझं रोजचं औषध दोनदा बदललं. त्यामुळे ओढायची तीन वेगवेगळी स्टिरॉइडं मी काही काही महिने सलग घेतली. ‘यातलं चांगलं कुठलं?’ असं विचारणारे सारखे भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी निळ्या पंपाबद्दल. साल्ब्युटामॉलचा पंप धाप लागल्यावर घ्यायचा. आवळलेल्या श्वासनलिका तो काही मिनिटांत मोकळ्या करतो, पण आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतं ते स्टिरॉइड, तेही रोज घेतलं तर, आणि पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही काही जणी नुसत्या निळ्या पंपावर भागवतात. बघून जीव कासावीस होतो. दम्याच्या उपचारांबाबत जगभर ज्यांचा सल्ला मानतात त्या ‘जिना’ (GINA) या संस्थेने २०१९ पासून फक्त साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नका असं स्पष्ट सांगितलंय.

माझी सुरुवात बुडेसोनाइडच्या कॅप्सूलपासून झाली. कॅप्सूल यंत्रात घालायची, पिळून फोडायची आणि पूड जोरात ओढायची. तिन्हींत हेच सगळ्यात स्वस्त पडलं आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेही मिळालं. उन्हाळा छान गेला. पहाटेची घरघर थांबली, चेंबूर स्टेशनचा जिना न थांबता चढता येऊ लागला. जुलैत मात्र कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरली आणि कॅप्सूलही ओलसर हवेने मऊ पडू लागल्या. मऊ कॅप्सूल नीट फुटत नाही, पूड यंत्राच्या आतच चिकटून राहते. बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावणं, कॅप्सूल घ्यायच्या वेळीच बाहेर काढणं आणि धुतलेलं यंत्र पूर्ण वाळल्याशिवाय न वापरणं, एवढ्याने बराच फरक पडला. पण पूड आत जायला ओढ जोरकस लागते, आणि छाती भरलेली असताना तेवढा जोर माझ्यात उरत नव्हता.

म्हणून फ्लुटिकासोनचा पंप आला, सोबत स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. इथे उलटं: श्वास सावकाश, खोल घ्यायचा आणि आत गेल्यावर दहा सेकंद धरायचा. दम्यासाठी उत्तम. भर पावसाळ्यातही रात्री सलग झोप लागत होती. त्रास झाला तो आवाजाचा. तिसऱ्या तासापर्यंत घसा बसायचा, मागच्या बाकांपर्यंत आवाज पोहोचेना. मी दर वेळी चूळ भरत होते, गुळण्या करत होते. त्याने तोंडात पांढरे चट्टे आले नाहीत, पण गुळणीचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही, तिथे बसलेलं औषध तसंच राहतं. स्पेसरने घशात पडणारं औषध कमी होतं. माझ्या बाबतीत तेवढं पुरलं नाही.

आता सिक्लेसोनाइडवर आहे. हे औषध मूळ रूपात जवळजवळ निष्क्रिय असतं, फुप्फुसात गेल्यावर तिथली एन्झाइम्स त्याला कामाला लावतात. घशात पडलेला भाग त्यामुळे फारसा त्रास देत नाही. आवाज हळूहळू परत आला. आता शेवटच्या तासालाही वर्गात कविता म्हणून दाखवते. दिवसातून एकदाच घ्यायचं, हेही सोयीचं. पण महाग आहे आणि जवळच्या दुकानात नसतं. मी दादरहून आणते, तेही संपायच्या आठवडाभर आधी.

खोक्यावरच्या आकड्यांवरून मात्र औषध जोखू नका. मोठ्यांसाठी कमी डोस म्हणजे दिवसाला पूड स्वरूपातलं बुडेसोनाइड २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, फ्लुटिकासोन प्रोपिओनेट १०० ते २५०, सिक्लेसोनाइड ८० ते १६०. म्हणजे १६० चं औषध ४०० च्या औषधापेक्षा सौम्य, असं नसतं. योग्य डोसमध्ये तिन्हींनी माझा दमा सारखाच आवरला. वेगळे होते ते यंत्र, घसा आणि खर्च. ज्यांना बोलून पोट भरायचं नाही आणि कॅप्सूल कोरड्या ठेवता येतात, त्यांनी महागाच्या मागे लागायची काहीच गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘स्टिरॉइड’ म्हटलं की घरचे घाबरतात. सासूबाईंचं म्हणणं, एकदा पंप धरला की सुटत नाही. त्यांना मी समजावलं की याचं व्यसन लागत नाही, औषध बंद केल्यावर परत येतो तो दमाच. गिळल्या गेलेल्या फ्लुटिकासोनचा एक टक्काही रक्तात पोहोचत नाही, यकृत ते आधीच निकामी करतं. फुप्फुसातून थोडं रक्तात जातं, म्हणून मोठा डोस वर्षानुवर्षं घेणाऱ्यांवर डॉक्टर लक्ष ठेवतात. तीनेक महिने दमा शांत राहिला की डोस कमी करता येतो का तेही बघतात. तो निर्णय मात्र आपला आपण घ्यायचा नाही.

स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं. पंपावर डोस मोजणारा आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. औषध संपल्यावरही त्यातून फवारा येत राहतो, आणि हाताला काहीच कळत नाही.