पित्तनलिका तुंबली: तोंडातून स्टेंट की बरगडीतून नळी?

सोलापुरात कावीळ वाढली की घरात पहिला प्रश्न निघतो, "पुण्याला न्यायचं का?" त्याआधी विचारायचं ते हे: लिव्हरमधून आतड्यात पित्त नेणारी नळी (पित्तनलिका) तुंबलीय का, आणि कुठे? गर्द लघवी, पांढुरकी मातकट शी आणि अंगभर खाज, ही लक्षणं तुंबलेल्या नळीकडे बोट दाखवतात. मग काविळीच्या माळेवर आठवडे घालवू नका.

सोनोग्राफीत फुगलेली नळी दिसते (एरवी ती साधारण 6 मिमी), पण खालच्या टोकाचा खडा आतड्यातल्या वायूआड लपतो. त्यासाठी एमआरसीपी, म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेलं पित्तनलिकेचं चित्र. त्यात फक्त चित्र मिळतं, उपचार नाही. उलट ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून खडा काढणं किंवा स्टेंट, म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणारी छोटी पोकळ नळी, बसवणं) नुसत्या तपासणीसाठी करून घेऊ नये. 100 पैकी 3 ते 10 जणांना नंतर स्वादुपिंडाला सूज येते.

अडथळा खाली असेल, म्हणजे खडा किंवा स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ, तर ईआरसीपीच सरस. दुर्बीण तोंडातून जाते, बाहेर काही लटकत नाही. अडथळा लिव्हरच्या तोंडाशी असेल, किंवा जठराच्या जुन्या ऑपरेशनमुळे दुर्बीण पोचत नसेल, तर बऱ्याचदा पीटीबीडी: बरगड्यांमधून सुई, लिव्हरमधून नळी, बाहेर पिशवी. सुई लिव्हरमधून जात असल्याने रक्तस्रावाचा धोका. म्हणून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) आधी साधारण 1.5 च्या आत आणतात. पिशवीत दिवसाला अर्धा लिटर पित्त सहज जमतं आणि त्याबरोबर मीठ-पाणीही जातं. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, हे अंगाशी येतं. रोजचं माप वहीत लिहा. पित्त अचानक थांबलं तर खूश होऊ नका. नळी सरकली किंवा बुजली असेल.

स्टेंट प्लास्टिकचा की मेटलचा? प्लास्टिकचा स्वस्त, पण जेमतेम 3 मिमी रुंद. साधारण 3 महिन्यांत गाळाने बुजतो. मेटलचा उघडून 10 मिमी होतो, महाग पण टिकाऊ. ऑपरेशन शक्य नसलेल्या गाठीत, पुन्हा पुन्हा बदलण्याचा खर्च धरला, तर बहुधा मेटलच परवडतो. मात्र उघड्या जाळीचा मेटल स्टेंट नंतर सहसा काढता येत नाही, म्हणून गाठीचं निदान पक्कं होईपर्यंत तो नको. प्लास्टिकचा असेल तर काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटभोवती खडे धरतात, पित्तनलिकेत पू होतो.

थंडी वाजून ताप आला, तर पुण्याचे 250 किलोमीटर नंतर. आधी इथेच सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करून घ्या.