सिंकचा मिक्सर बदलायचाय: सिंगल लिव्हर, दोन नॉब की पुल-आउट?

मिक्सर म्हणजे गार-गरम पाणी मिसळून देणारा नळ. सिंगल लिव्हरला एकच दांडा असतो, पुल-आउटचं टोक नळीसकट बाहेर ओढता येतं. नवा मिक्सर निवडायला बसलं की आधी चित्रं बघितली जातात. त्याआधी टॉर्च घेऊन सिंकखालच्या कपाटात एकदा डोकं घाला, कारण निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. मिक्सर भिंतीतून आलेला असेल तर नवाही भिंतीतलाच घ्या. मिक्सरच्या दोन पायांमधलं, म्हणजे गार आणि गरम पाण्याच्या जोडण्यांमधलं, अंतर बहुतेक ठिकाणी १५० मिलिमीटर असतं आणि तिरक्या पायांमुळे थोडं इकडेतिकडे जुळवता येतं. मिक्सर ओट्यावर किंवा सिंकच्या काठावर उभा असेल तर भोकं मोजा. दोन भोकं असतील तर दोन पायांचाच मिक्सर शोधावा लागेल, नाहीतर एक भोक झाकावं लागेल. एकच भोक असेल, साधारण ३५ मिलिमीटरचं, तर तिन्ही प्रकार बसतात आणि खरी निवड तिथून सुरू होते.

आणखी एक. सिंगल लिव्हरच्या टोकातून फक्त थेंब गळत असेल, तर बहुधा आतलं कार्ट्रिज (पाणी मिसळणारा आणि बंद करणारा सुटा भाग) गेलेलं असतं आणि तेवढंच बदलून भागतं. बॉडीला चीर गेली असेल, बूड गंजलं असेल किंवा त्या मापाचं कार्ट्रिजच मिळत नसेल, तर मात्र अख्खा मिक्सर बदला.

माझ्या मते या निवडीत सर्वात जास्त वजन पाण्याच्या दाबाला द्यायला हवं, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही. पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उताराने येत असेल, तर टाकीतल्या पातळीपासून नळापर्यंतच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर ही उंची ३ मीटर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. सिंगल लिव्हर आणि पुल-आउट मिक्सरच्या माहितीपत्रकात लागणारा किमान दाब बऱ्याचदा याहून जास्त दिलेला असतो. शिवाय कार्ट्रिजमधल्या वाटा अरुंद, बुडाशी लागणारे कनेक्शन पाइप बारीक आणि टोकाला जाळी, म्हणजे आहे तो दाबही वाटेत खर्च होतो. अंदाज घेण्यासाठी जुन्या नळाखाली एक लिटरचं भांडं धरा. ते १० सेकंदांत भरलं तर मिनिटाला ६ लिटर पाणी येतंय. गार आणि गरम, दोन्ही वेगवेगळे मोजा. भांडं भरायला याच्या दुप्पट वेळ लागत असेल आणि जाळी साफ करूनही फरक पडत नसेल, तर मी दोन नॉबचाच मिक्सर घेईन. त्यातल्या वाटा सहसा मोठ्या असतात.

दोन नॉबचा मिक्सर जुन्या वळणाचा वाटतो खरा, पण दुरुस्तीला तो सोपा. गार आणि गरम बाजूंचे स्पिंडल (नॉबखालचे फिरणारे भाग) वेगवेगळे असल्यामुळे एक बिघडला तर त्या बाजूचा अँगल कॉक (सिंकखालचा, पाणी बंद करायचा छोटा नळ) बंद करून दुसऱ्या बाजूवर काम चालू राहतं. सिंगल लिव्हरचं कार्ट्रिज गेलं की दोन्ही पाणी एकदम अडतं. रबरी वॉशरचा नॉब बरेच फेरे फिरवावा लागतो, पण वॉशर किरकोळ वस्तू आहे. सिरॅमिक चकत्यांचा नॉब पाव फेऱ्यात उघडतो. वाळूचे बारीक कण मात्र त्या चकत्यांना ओरखडे पाडतात, आणि जड पाण्यात क्षार बसले की नॉब घट्ट फिरू लागतो.

सिंगल लिव्हरची खरी मजा कणकेने किंवा तेलाने माखलेल्या हातांना कळते. कोपराने ढकललं की पाणी सुरू, आणि पाण्याची ऊबही एका हालचालीत साधते. तोटा असा की लिव्हर मधोमध राहिला की दर वेळी थोडं गरम पाणीही ओढलं जातं. ते नळापर्यंत पोचायच्या आत आपण नळ बंद केलेला असतो, आणि इन्स्टंट गीझर विनाकारण पेटून विझतो. लिव्हर मधोमध असताना फक्त गार पाणी देणारे मिक्सरही मिळतात. असा गीझर असेल तर तेच विचारून घ्या. कार्ट्रिज बहुधा ३५ किंवा ४० मिलिमीटरचं असतं, पण व्यास जुळला म्हणजे बसलंच असं नाही. उंची आणि खालचे खुंट वेगळे निघतात. म्हणून विकत घेतानाच सुटं कार्ट्रिज मिळतं का, हे विचारावं.

पुल-आउटबद्दल माझं मत जरा कडक आहे. खोल, मोठं सिंक असेल, कोपरे धुवायचे असतील किंवा ओट्यावर ठेवलेलं पातेलं जागेवरच भरायचं असेल, तर तो उपयोगाचा. लहान सिंकमध्ये त्याचं अर्धं काम फिरत्या जाळीचा साधा नळही करतो. पुल-आउटची नळी मागे खेचणारं वजन सिंकखाली लोंबकळतं, आणि तिथे कचऱ्याचा डबा, फिल्टर, पाइप यांची गर्दी असेल तर ते अडकून बसतं. त्यात टोकावरचं बटण दाबून पाणी थांबवलं आणि लिव्हर उघडाच राहिला, तर जास्त दाबाच्या बाजूचं पाणी कमी दाबाच्या लाइनमध्ये शिरू शकतं. गार आणि गरम पाण्याच्या दाबात मोठा फरक असेल तर पाणी उलट जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्याशिवाय हा प्रकार घेऊच नका.

प्रकार ठरला की मापं घ्या. धार साधारण सिंकच्या तळातल्या जाळीच्या आसपास पडायला हवी, सिंकच्या मागच्या भिंतीवर नाही. दोन कप्प्यांचं सिंक असेल तर नळ दोन्हीकडे फिरला पाहिजे. उथळ सिंकवर उंच नळ लावला की पाणी अंगावर उडतं. मागे भिंत किंवा खिडकीची चौकट जवळ असेल तर मागे झुकणारा लिव्हर तिथे आपटतो, अशा जागी बाजूला लिव्हर असलेला घ्या.

बॉडी पितळेची किंवा ३०४ स्टेनलेस स्टीलची असावी. जस्ताच्या मिश्रधातूचा लिव्हर चालेल, बॉडी नको. रंग आवडीचा घ्या, फक्त जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या फिनिशवर लगेच उठून दिसतात.

खरेदीच्या आधी दोन्ही अँगल कॉक पूर्ण बंद होतात का ते बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी दगा देतो. कनेक्शन पाइप नवेच लावा, पुरेशा लांबीचे, ताणून किंवा पिळून नाही. ज्या टोकाला रबरी वॉशर आहे तिथे टेफ्लॉन टेप लागत नाही. हाताने घट्ट करून मग पान्याने थोडंसंच आवळायचं. पातळ पत्र्याच्या सिंकवर मिक्सर डुगडुगतो, त्याला खालून आधाराची पट्टी द्यायला सांगा. कनेक्शन जोडण्याआधी दोन्ही लाइनमधलं पाणी बादलीत सोडून द्या, आणि पहिल्यांदा नळ उघडताना जाळी काढून ठेवा. सुटलेला गंज आणि खडे जाळीत अडकले तर नवाकोरा नळही पहिल्याच दिवशी बारीक धार देईल, आणि प्लंबर तोवर निघून गेलेला असेल.