पुराच्या दिवसांसाठी: तांदूळ-डाळ की सातू-पोहे?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळुणात पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी ओट्याखालचा सिलिंडर बुडतो, नळाला पाणी नसतं. मग कोठीतल्या तांदूळ-डाळीचं करायचं काय? धुवायला पाणी, शिजवायला पाणी, वर गॅस. टिकाऊपणात मात्र तांदळाला तोड नाही. नीट वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवले तर वर्षभर निघतात. महिन्याच्या बेगमीला तेच हवेत.

पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी मी डोळे झाकून सातूचं पीठ निवडेन. गहू आणि डाळं आधीच भाजलेलं, त्यामुळे चूल लागतच नाही. वाटीभर पिठात किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि लागेल तसं पिण्याचं पाणी घालून कालवलं की म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही पोटभर होतं. पातळ पोहे नुसत्या पाण्याच्या हबक्यावर मऊ होतात.

उणीव एकच, पावसाळी हवेत पोहे सादळतात, पिठाच्या गुठळ्या होतात. म्हणून घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत भरा, ओला चमचा घालू नका, आणि डबे माळ्यावर ठेवा. श्रावणानंतर उरलेलं खाऊन टाका.